उंदराचं हसू आणि पुराव्याचं ओझं

२०२५च्या जुलैअखेरीस नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, म्हणजे गावाची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं गुजरातला गेली, तेव्हा शिरोळ तालुक्यातली माणसं रस्त्यावर येऊन रडली. हत्तिणीच्या डोळ्यांतून ओघळणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ घरोघरच्या फोनवर फिरले. ‘बघा, ती रडतेय, तिला जायचं नाही,’ असं एक बाजू सांगत होती. दुसरी बाजू म्हणत होती, ‘माणसाच्या भावना जनावराला चिकटवू नका, त्याला मठ काय आणि दुसरी जागा काय, वेळेवर चारा मिळाला की झालं.’ महिनाभर हा वाद ऐकला आणि वाचला. दोन्ही बाजूंच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण वाद ज्या पद्धतीनं लढवला गेला, त्यात मूळ प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. हत्तीला आपल्यासारखी अश्रुग्रंथी नसते. डोळा ओला ठेवणारा स्राव आत जायला नळी नसते, म्हणून तो गालावरून वाहतो. हत्ती मजेत असला तरी वाहतो. तेव्हा त्या पाण्यावरून ‘तिला दुःख झालं’ हे सिद्ध होत नाही. आणि ते अश्रू नव्हते, एवढ्यावरून ‘तिला दुःख झालं नाही’ हेही सिद्ध होत नाही. दुःख गालावर शोधायचंच नसतं.

मग कुठं शोधायचं? या प्रश्नावर याक पँकसेप या मेंदूशास्त्रज्ञानं आपलं सगळं आयुष्य घातलं. त्याचं काम मराठीत फारसं कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. प्राण्यांना भावना असतात की नाही, हा श्रद्धेचा किंवा हळवेपणाचा प्रश्न नाही, तो तपासता येणारा प्रश्न आहे. निदान सस्तन प्राण्यांपुरता तरी तो पुरेसा तपासून झाला आहे. तेव्हा आता सिद्ध करण्याचं ओझं ‘असतात’ म्हणणाऱ्यावर राहिलेलं नाही, ते ‘नसतात’ म्हणणाऱ्यानं उचलायचं आहे.

याक पँकसेपचा जन्म १९४३ साली एस्टोनियातल्या तार्तूचा. पुढच्याच वर्षी, रशियन फौजा परत येत असताना, त्याच्या कुटुंबानं देश सोडला. अमेरिकेत वाढलेला हा मुलगा आधी विद्युत अभियांत्रिकीकडे गेला. कॉलेजात असताना पिट्सबर्गच्या एका मनोरुग्णालयात त्यानं रात्रपाळीचा मदतनीस म्हणून काम केलं आणि तिथं त्याचा रस्ता बदलला. माणसाची बुद्धी शाबूत असताना नुसत्या भावनांनी त्याचं आयुष्य असं कसं कोसळतं, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यासाठी मेंदूत उतरावं लागणार होतं, आणि माणसाच्या मेंदूत तितकं खोल उतरता येत नाही, म्हणून तो प्राण्यांकडे वळला. कारकिर्दीतला मोठा काळ त्यानं ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात, म्हणजे नामवंत प्रयोगशाळांच्या झगमगाटापासून लांब, काढला. शेवटची वर्षं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात गेली. २०१७ साली तो वारला.

त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग ऐकला की लोक आधी हसतात. गेल्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. उंदरांची पिल्लं एकमेकांशी झोंबाझोंबी करत खेळतात तेव्हा ५० किलोहर्ट्झच्या आसपासचे बारीक चीत्कार काढतात, हे त्याच्या प्रयोगशाळेत आधीच लक्षात आलं होतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढचं ऐकू शकत नाही, म्हणून वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र लावलेलं असायचं. पँकसेप आणि त्याचा तरुण सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांनी पिल्लाला बोटांनी मानेवर गुदगुल्या केल्या, अलगद उलटं करून पोटावर केल्या. यंत्रातून चीत्कारांचा नुसता पाऊस पडला, खेळताना व्हायचे त्याहून जास्त. हात थांबला की पिल्लू हाताच्या मागे धावायचं. गुदगुल्या मिळाव्यात म्हणून ही पिल्लं काम करायला शिकली. जास्त खिदळणारे उंदीर इतरांना सोबतीला जास्त आवडले. मांजराचा वास आला, उजेड भगभगीत केला, की चीत्कार आटले.

मांजराच्या वासाचा त्याचा आणखी एक साधा प्रयोग आहे, मला तो गुदगुल्यांपेक्षाही जास्त बोलका वाटतो. दोन पिल्लांना रोज थोडा वेळ एकत्र खेळायला सोडायचं. चार दिवस ती मनसोक्त खेळली. पाचव्या दिवशी पिंजऱ्यात मांजराच्या केसांचा एक छोटा पुंजका ठेवला. खेळ पूर्ण थांबला. पिल्लं जमिनीला चिकटून दबकत फिरू लागली. ही पिल्लं प्रयोगशाळेत जन्मलेली, मांजर त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुंजका काढून टाकला, तरी खेळ पहिल्यासारखा झाला नाही. त्यानंतरचे कित्येक दिवस तो कमीच राहिला. आता सांगा, केस निघून गेल्यावर त्या पिंजऱ्यात काय उरलं होतं? बाहेरचं कारण तर संपलं होतं. जे उरलं, ते पिल्लाच्या आत होतं.

पण विज्ञानात नेमकं हेच म्हणायला बंदी होती. बंदी हा शब्द मी जाणून वापरतो. १८७२ साली डार्विननं माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना एकाच ओळीत मांडल्या होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत ती ओळ पुसली गेली. १९१३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉटसननं वर्तनवादाचा जाहीरनामा लिहिला आणि मग अर्धं शतक अमेरिकी मानसशास्त्रात मनाचं नाव काढणं अशास्त्रीय ठरलं. मोजता येतं ते वर्तन, बाकी सगळी कविकल्पना. या पंथाला माझा विरोध असला, तरी तो मूर्खांचा पंथ नव्हता हे मान्य केलंच पाहिजे. त्यांच्यापुढे बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ घोड्याचं उदाहरण होतं. हा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, खूर आपटून उत्तर देतो, याची भल्याभल्यांना खात्री पटली होती. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टनं दाखवून दिलं, की घोडा गणित करत नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे, मानेचे नकळत होणारे बारीक बदल टिपून तो थांबायचा. त्याच्या आधी लॉइड मॉर्गन या मानसशास्त्रज्ञानंही बजावलं होतं, की साध्या कारणानं उलगडा होत असेल तर प्राण्याच्या वागण्यामागे उच्च मानसिक शक्ती मानू नका. जनावराच्या डोळ्यांत आपण आपलंच मन वाचतो, हा धोका खरा आहे. हत्तिणीच्या अश्रूंबाबत तेच झालं.

म्हणूनच पँकसेपचं मोठेपण ‘उंदीर हसतात’ असं धीटपणे म्हणण्यात नाही. त्याचं मोठेपण पद्धतीत आहे. प्राण्याला काय वाटतं हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं नाही, असं त्यानं ठरवलं. प्राण्यालाच विचारायचं, आणि उत्तर निवडीतून घ्यायचं. मेंदूच्या खोल भागात, मध्यमेंदूत आणि हायपोथॅलॅमसमध्ये, बारीक तारेनं विजेचा हलका प्रवाह दिला की प्राणी रागावतो, घाबरतो, पिल्लाला चाटू लागतो किंवा उत्सुकतेनं हुंगत सुटतो, हे आधीपासून माहीत होतं. वॉल्टर हेस यांना अशाच कामासाठी १९४९ साली नोबेल मिळालं. कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा, विचार करणारा थर, काढून टाकलेल्या मांजरांचा राग शास्त्रज्ञांनी ‘खोटा राग’ म्हणून नोंदवला होता: देखावा आहे, आत काही नाही. पँकसेपनं विचारलं, आत काही नाही तर प्राण्याला त्या प्रवाहाशी काही देणंघेणं नसायला हवं ना? त्याच्या हातात बटण द्या आणि बघा. उत्तर स्वच्छ आहे. राग आणि भीती उठवणारा प्रवाह प्राणी स्वतःहून बंद करतो, तो बंद व्हावा म्हणून धडपडतो, तो जिथं मिळाला ती जागा टाळतो. उत्सुकता, खेळ, माया जागवणारा प्रवाह तो पुन्हा पुन्हा सुरू करतो. आणि शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाच्या मेंदूत त्याच जागी प्रवाह गेला, तर माणूस सांगतो की अचानक भीती दाटून आली, संताप आला. एकाच जागी, एकाच प्रवाहानं, सारखंच वर्तन आणि सारखीच निवड. फरक इतकाच, की एक बोलू शकतो. या बोलण्याच्या फरकावर केवढी इमारत उभी करायची?

अशा सात व्यवस्था त्यानं मांडल्या: शोधाची ओढ, संताप, भीती, कामेच्छा, माया, विरहाचा आकांत आणि खेळ. १९९८ साली ‘अफेक्टिव्ह न्यूरोसायन्स’ या ग्रंथात हा सगळा पसारा एकत्र आला आणि ते नाव एका ज्ञानशाखेला चिकटलं. सातांपैकी विरहाचं काम सगळ्यात जुनं आणि माझ्या मते सगळ्यात खोल आहे. आईपासून दूर केलेलं कुत्र्याचं पिल्लू केकाटतं. १९७८ साली पँकसेप आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अफूच्या जातीच्या औषधाची अगदी थोडी मात्रा दिली की हे केकाटणं शमतं. गुंगी येईल एवढ्या मात्रेची गरजच पडत नाही. म्हणजे शरीराची जखम शांत करणारी मेंदूतली द्रव्यं आणि जिवाभावाचं माणूस जवळ असल्याचा दिलासा यांचा झरा एकच. व्यसनी माणूस अफूकडे का वळतो, एकटेपणा अंगाला का दुखतो, याचा एक धागा तिथून सुरू होतो. कुणी म्हणतं, या माणसानं स्वतःचं मन प्राण्यांत पाहिलं. १९९१ साली एका मद्यधुंद चालकानं केलेल्या अपघातात त्याची तरुण मुलगी गेली, आणि त्यानंतर तो दीर्घकाळ खचला होता, हे खरं आहे. पण विरहाचं हे काम तेव्हा तेरा वर्षं जुनं होतं. त्यानं आपलं दुःख उंदराला चिकटवलं नाही. उंदराच्या आणि पिल्लाच्या मेंदूत जे सापडलं होतं, ते पुढं त्याच्या वाट्याला आलं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात तगडा युक्तिवाद. तो वर्तनवाद्यांचा नाही. तो जोसेफ लेडू या तितक्याच तोलामोलाच्या मेंदूशास्त्रज्ञाचा आहे. भीतीच्या मेंदूतल्या वाटा उलगडण्यात ज्याची हयात गेली, तोच २०१४च्या सुमारास म्हणू लागला, की आपण चुकीचा शब्द वापरला. उंदराच्या मेंदूत आपण जे पाहिलं, ती धोका ओळखून बचाव करणारी यंत्रणा आहे. भीती ‘वाटणं’ ही वेगळी गोष्ट, त्याला कॉर्टेक्स लागतो, स्वतःची जाणीव लागते. पुरावा काय? माणसाला भयानक चेहरा इतका क्षणभर दाखवा की तो दिसल्याचं त्याला कळतही नाही, तरी धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतला अमिग्डला हा भाग जागा होतो आणि माणूस म्हणतो, मला काहीच वाटलं नाही. म्हणजे यंत्रणा चालू, भावना शून्य. शिवाय उंदराचं दबकणं कमी करणारी औषधं माणसाची चिंता तितकीशी कमी करत नाहीत. वर्तन आणि भावना एकच मानल्यामुळे औषधांचा शोध भरकटला, असं तो म्हणतो. या युक्तिवादात तथ्य आहे. सगळं वर्तन म्हणजे भावना नव्हे, हे पँकसेपच्या चाहत्यांनीही लिहून ठेवावं.

पण यातून ‘कॉर्टेक्सशिवाय भावना नाही’ हे निघतं का? निघत नाही, आणि त्याविरुद्धचा पुरावा जबरदस्त आहे. एका स्त्री रुग्णाचा अमिग्डला आजारानं दोन्ही बाजूंनी नष्ट झाला होता. साप, कोळी, भीतीपट, कशानंच तिला भीती वाटत नसे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली, तर ती जीव घाबरून आकांत करू लागली. म्हणजे अमिग्डला हे भीतीचं घर नव्हतंच, तो त्या घराचा एक दरवाजा होता; घर त्याच्याही खाली, जुन्या मेंदूत आहे. तेव्हा नुसता अमिग्डला जागा झाला आणि भीती वाटली नाही, याचं नवल कशाला? काही बाळं जन्मतःच जवळजवळ कॉर्टेक्सशिवाय येतात. ब्योर्न मर्कर या संशोधकानं अशा मुलांसोबत आणि त्यांच्या कुटुंबांसोबत दिवस घालवले आणि २००७ साली त्याबद्दल लिहिलं. ती मुलं ओळखीच्या आवाजाला हसतात, आवडत्या गाण्याला खुलतात, नको ते झालं की पाठीची कमान करून रडतात. लेडूंचा निकष लावला तर त्या हसण्यामागे काहीच नाही असं म्हणावं लागेल. त्या मुलाच्या आईसमोर उभं राहून हे कोण म्हणेल? आणि कुणी म्हणालाच, तर कोणत्या पुराव्यावर? पँकसेपच्या प्रयोगशाळेत जन्मतःच कॉर्टेक्स काढलेली उंदराची पिल्लं मोठी होऊन खेळत होती. एकदा त्यानं विद्यार्थ्यांसमोर एक अखंड मेंदूचा आणि एक कॉर्टेक्स नसलेला उंदीर ठेवून कोणता कुठला ते ओळखायला सांगितलं. बहुतेकांनी कॉर्टेक्स नसलेल्यालाच अखंड ठरवलं, कारण तो जास्त चळवळ्या आणि उत्साही होता.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांपेक्षा आपल्या बोलण्यात जास्त येतो: ‘ती नुसती उपजत प्रेरणा आहे, हार्मोन्स आहेत.’ माझ्या आजोळी एका गाईचं वासरू चार दिवसांत गेलं. गाय आटली, हंबरत राहिली, दावणीशी खुरानं माती उकरत राहिली. आजोबांनी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून घेतला आणि ते तिच्या पुढ्यात ठेवलं. ती त्याला चाटायला लागली आणि तिनं पान्हा सोडला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. आजोबा दूध काढत होते आणि गाय त्या पेंढ्याचं कपाळ चाटत होती, जीभ एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरत होती. हा प्रसंग सांगितला की लोक म्हणतात, बघा, पेंढ्यालाही फसते, म्हणजे माया वगैरे काही नाही, वासानं ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं आणि दूध येतं. ऑक्सिटोसिन सुटतं हे खरंच आहे. पण बाळाचं रडणं ऐकून बाळंतिणीला पान्हा फुटतो, तोही ऑक्सिटोसिननंच. गेलेल्या मुलाचा सदरा छातीशी धरून बसलेली आईही वासालाच धरून बसलेली असते. तिथं आपण ‘म्हणजे माया नाही’ असं म्हणतो का? यंत्रणा सापडली म्हणून भावना नाहीशी होत नाही. डोळ्यातल्या पेशींचं काम कळलं म्हणून दिसायचं थांबत नाही. गाय फसली एवढंच सिद्ध होतं, आणि फसायला आधी काहीतरी हवंसं वाटावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट यांचा आक्षेप वेगळा आणि बारीक आहे. राग, भीती, दुःख या निसर्गानं आखून दिलेल्या कप्प्यांसारख्या वस्तू नाहीत. मेंदू शरीराची खबर, अनुभव आणि भाषेतले शब्द यांतून त्या त्या क्षणी भावना घडवतो, असं त्या म्हणतात. इथं मी अर्धा रस्ता त्यांच्याबरोबर जाईन. सात हाच आकडा का, सहा किंवा नऊ का नाहीत, याचं निर्णायक उत्तर पँकसेपकडे नव्हतं. आणि मराठीत आपण ‘हुरहुर’ म्हणतो, ती उंदराला लागत असेल असं मी म्हणणार नाही. हुरहुरीत आठवण आहे, संध्याकाळ आहे, निघून गेलेली एसटी आहे, ओव्यांपासून भावगीतांपर्यंतचा सगळा वारसा आहे. पण वारसा कशावर चढतो? तळाशी विरहाचा जुना आकांत नसता, तर हुरहुर या शब्दाला अंगात शिरायला जागाच मिळाली नसती. भाषा भावनेला आकार देते हे मान्य. ती शून्यातून भावना जन्माला घालते हे मान्य नाही. तसं असतं तर शब्द फुटायच्या आधीचं बाळ कोरं असायला हवं होतं.

आणि बाळाचं नाव निघालं म्हणून, या वादातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा इतिहास सांगतो. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतल्या मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करताना पुरेशी भूल दिली जात नसे. स्नायू सैल करणारं औषध द्यायचं, म्हणजे बाळ हलत नाही, आणि छाती उघडायची. कारणं नेमकी तीच होती: बाळाचा मेंदू कच्चा आहे, कॉर्टेक्स पुरता घडलेला नाही, ते रडतं ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, त्याला आठवत तर नाहीच. कंवलजीत सिंग आनंद हे भारतात जन्मलेले डॉक्टर तेव्हा ऑक्सफर्डला होते. १९८७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की वेदनाशामक फेंटानिल मिळालेल्या बाळांच्या शरीरातला ताण खूप कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. त्यानंतर पद्धत बदलली. त्या काळचे शल्यविशारद दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त पुराव्याचं ओझं चुकीच्या खांद्यावर ठेवलं होतं. बाळानं सिद्ध करावं की त्याला दुखतं, तोवर दुखत नाही असं धरून चालू. बाळ सिद्ध करणार कसं? जे बोलू शकत नाही त्याच्याकडे साक्ष मागायची आणि ती मिळाली नाही म्हणून खटला काढून टाकायचा, याला सावधगिरी म्हणत नाहीत. चूक दोन्हीकडे होऊ शकते. भावना नसताना आहे असं मानलं, तर थोडं औषध आणि थोडा वेळ वाया जातो. भावना असताना नाही असं मानलं, तर काय होतं ते या बाळांनी भोगलं.

पँकसेपच्या कामाचं वजन विद्वानांच्या जगात किती, असं विचारलं जातं, आणि हल्ली वजन म्हणजे संदर्भ किती वेळा दिला गेला याचा आकडा. त्या आकड्यावर मी जाणार नाही, कारण त्यात विरोधात लिहिलेले लेखही मोजले जातात. खरी कसोटी ही, की त्याच्या विचारावर पाय ठेवून कुणी कुठं पोचलं का. इथं हिशेब संमिश्र आहे आणि तो तसाच मांडला पाहिजे. आत्ममग्नतेमागे (ऑटिझममागे) मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांचा अतिरेक असावा, हा त्याचा १९७९चा तर्क उपचारात टिकला नाही. उंदरांच्या खेळाच्या अभ्यासाशी जोडलेलं, नैराश्यावरचं रापास्टिनेल हे औषध २०१९ साली शेवटच्या टप्प्याच्या चाचण्यांत अपयशी ठरलं. दुसऱ्या बाजूला, विरहाच्या आणि अफूच्या नात्यावरून सुचलेला उपचार आहे: आत्महत्येचे तीव्र विचार येणाऱ्या रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन या अफूच्या जातीच्या औषधाची अत्यल्प मात्रा द्यायची. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी पँकसेपसोबत केलेल्या चाचणीत तो विचारांची तीव्रता कमी करताना दिसला आणि २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या वेदनेनं माणसाला जगणं नको होतं, तिचा पत्ता आईपासून तुटलेल्या पिल्लाच्या आक्रोशातून लागला होता. त्याच वर्षी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मिखाएल ब्रेख्त आणि शिंपेई इशियामा यांनी गुदगुल्यांच्या वेळी उंदराच्या मेंदूत काय घडतं ते प्रत्यक्ष नोंदवलं आणि ‘सायन्स’ या नियतकालिकानं ते छापलं, २०२३ साली त्याच गटानं खेळ आणि गुदगुल्यांचा संबंध मध्यमेंदूतल्या त्याच करड्या पट्ट्याशी जोडला, ज्याकडे पँकसेप किती वर्षं बोट दाखवत होता. २०१२ साली केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या जाणिवेबद्दल जाहीरनामा काढला, त्याच्या संपादकांतही त्याचं नाव आहे. ‘भावना’ या ज्या शब्दासाठी तरुणपणी त्याला हसत होते, तो शब्द आता धोरणांच्या कागदांवर येतो.

एक टोचणी मात्र राहते, आणि ती मी टाळणार नाही. हे सगळं कळलं ते पिल्लांना आईपासून तोडून, उंदरांचा मेंदू कापून. प्राण्याला वाटतं, हे सिद्ध करण्यासाठीच ते त्याला वाटायला लावलं गेलं. निष्कर्ष खरा असेल तर प्रयोग क्रूर होते, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे त्याचं खंडन नाही. इतकंच म्हणतो, की ज्यांनी ‘त्यांना काही वाटत नाही’ असं मानून तेच केलं, त्यांच्यापेक्षा ज्यानं डोळे उघडे ठेवून केलं आणि मग जाहीरपणे सांगितलं, त्याचं ऋण मोठं आहे. आणि एकदा कळल्यावर तेच प्रयोग पुन्हा पुन्हा करायची सबब उरत नाही.

मग महादेवीचं काय? पँकसेप वाचून तिनं कुठं राहावं याचा निकाल लागत नाही. पण वादाचे प्रश्न बदलतात. गावाचं प्रेम खरं होतं. न्यायालयापुढचे तिच्या पायांच्या दुखण्याचे आणि मानसिक ताणाचे अहवालही होते. हत्तीची मादी निसर्गात आयुष्यभर कळपात, बहिणी-मावश्यांत राहते, आणि ही तीस वर्षांहून जास्त काळ आपल्या जातीच्या सोबतीशिवाय होती. विरहाची व्यवस्था तिच्याही मेंदूत आहे हे मानलं, तर दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात: ती मठात एकटी होती, आणि ओळखीच्या माणसांपासून तुटणं हाही तिला घाव होता. एका बाजूनं पहिलं ऐकून घेतलं नाही, दुसऱ्या बाजूनं दुसरं. तिला नेताना ओळखीचा माहूत किती दिवस सोबत राहील, तिथं इतर हत्तिणींशी तिची गाठ कशी घातली जाईल, ती कुणाजवळ स्वतःहून जाते हे कोण टिपून ठेवेल, हे प्रश्न या वादात पहिल्या दिवशी यायला हवे होते. बैलगाडा शर्यतीचंही तसंच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, १८ मे २०२३ला घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले, आणि दोन्ही वेळा आपल्याकडे एक बाजू ‘बैलाला पळायला आवडतं’ म्हणत राहिली, दुसरी ‘बैलाचे हाल होतात’ म्हणत राहिली. आवडतं की नाही, हे बैलाला विचारता येतं. जू, चाबूक आणि आरडाओरडा बाजूला ठेवून बैल स्वतःहून त्या घाटाकडे जातो की पाय रोवतो, हे मोजता येतं. कुणी मोजलं?

आपण त्यांना ‘मुकी जनावरं’ म्हणतो. शब्दात दया आहे, पण तो खरा नाही. उंदीर मुका नव्हता. आपल्या कानाच्या पट्टीवर तो बोलत नव्हता, आणि यंत्र लावायचं शतकभर फारसं कुणाला सुचलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही असेल असं वाटतच नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांना हाताळण्याआधी गुदगुल्या केल्या, तर माणसाच्या हाताची त्यांची भीती कमी होते, हे आता अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या गटानं नीट तपासून मांडलं आहे. त्यासाठी लागणारा वेळही त्यांनी मोजला: दिवसाला १५ सेकंद, तीन दिवस. तरीही हे फारसं का केलं जात नाही, असं प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना विचारलं, तेव्हा मिळालेल्या मुख्य उत्तरांतलं एक होतं, वेळ नाही.